मेजावरचा आणि मांडीवरचा संगणक : प्रोसेसरच्या सामर्थ्याची तुलना कशी करावी

संगणक हा आता केवळ शहरांतील कचेऱ्यांचा विषय राहिलेला नाही. ग्रामपंचायतीचे दाखले, सहकारी संस्थेचे हिशेब, शाळेचे निकालपत्रक, जमिनीचा उतारा अशी कितीतरी कामे आज संगणकावाचून अडून राहतात. त्यातच ‘विंडोज १०’ या सर्वत्र रूढ असलेल्या प्रणालीला मिळणारा नियमित सुरक्षा-सुधारणांचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक संस्थांपुढे जुनी यंत्रे बदलण्याचा प्रश्न उभा राहिला आहे. यंत्र घ्यावयाचे तर कोणते, डेस्कटॉप की लॅपटॉप, हा त्यातील पहिलाच प्रश्न होय. खर्च होणारा पैसा लोकवर्गणीचा वा सरकारी अनुदानाचा असतो आणि एकदा घेतलेले यंत्र सहा-सात वर्षे तरी चालवावे लागते. यास्तव निवड विचारपूर्वक होणे अगत्याचे आहे.

पुढील प्रसंग कोणत्याही गावी घडू शकेल. समजा, एका माध्यमिक विद्यालयाने आपल्या संगणक-कक्षासाठी दहा यंत्रे घेण्याचे ठरविले व दोन दरपत्रके आली. पहिल्या दरपत्रकात मेजावर ठेवावयाचे डेस्कटॉप संगणक असून त्यांत ‘इंटेल कोअर आय-५ १३४००’ हा प्रोसेसर होता. दुसऱ्यात मांडीवर घेऊन वापरता येणारे लॅपटॉप असून त्यांत ‘इंटेल कोअर आय-७ १३५५-यू’ हा प्रोसेसर होता. दोन्ही प्रोसेसर १० गाभ्यांचे व दोन्ही तेराव्या पिढीचे. पहिल्याचा कमाल वेग ४.६ गिगाहर्ट्झ, तर दुसऱ्याचा ५ गिगाहर्ट्झ. विक्रेत्याचे म्हणणे असे की, पाचापेक्षा सात मोठे, ४.६ पेक्षा पाच मोठे, तेव्हा लॅपटॉपच अधिक सामर्थ्यवान. कागदावर पाहता हे म्हणणे बिनतोड वाटते. प्रत्यक्षात दीर्घ व जड कामात पहिलाच प्रोसेसर साधारणपणे दीडपट ते दुपटीपर्यंत काम उरकतो. असे का होते, हे समजावून देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रोसेसर म्हणजे काय?

प्रोसेसर म्हणजे संगणकातील आज्ञा पाळणारा व आकडेमोड करणारा मुख्य भाग. सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकतीवर कोट्यवधी सूक्ष्म विद्युत्-कळी कोरलेल्या असतात. त्यांस ट्रान्झिस्टर म्हणतात. १९७१ साली इंटेल कंपनीने ‘४००४’ हा एकाच चकतीवर मावणारा प्रोसेसर विक्रीस आणला, तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० साली अ‍ॅपल कंपनीने आणलेल्या ‘एम-१’ या चकतीत त्यांची संख्या १,६०० कोटींवर गेली होती. या प्रगतीत आपल्या प्रदेशातील माणसांचाही हातभार लागलेला आहे. १९९३ साली आलेल्या व पुढे घरोघर नाव झालेल्या ‘पेंटियम’च्या निर्मितीत पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम यांचा मोठा वाटा होता.

प्रोसेसरचे काम कसे चालते हे समजण्यासाठी लग्नघरच्या स्वयंपाकाचा दृष्टान्त घेऊ. प्रोसेसर हा आचारी. त्याच्या हाताशी मसाल्याचा डबा असतो. तो म्हणजे प्रोसेसरच्या पोटातील ‘कॅश’ ही लहान पण अतिशय चपळ स्मृती. पाठीमागे फडताळ असते. ती ‘रॅम’ म्हणजे संगणकाची कामापुरती स्मृती. पलीकडे धान्याची कोठी असते. ती माहिती साठविणारी डिस्क. आचारी कितीही चपळ असला, तरी चिमूटभर मिठासाठी त्याला प्रत्येक वेळी कोठीपर्यंत जावे लागले तर पंगत वेळेवर उठणार नाही. संगणक मंद चालतो अशी तक्रार जेथे असते, तेथे पुष्कळदा दोष आचाऱ्याचा नसून फडताळ लहान असल्याचा वा कोठी दूर असल्याचा असतो. या मुद्द्याकडे आपण शेवटी पुन्हा वळू.

वेग मोजावा कशाने?

प्रोसेसरमध्ये घड्याळाप्रमाणे अखंड ठोके पडत असतात आणि त्या ठोक्यांच्या तालावर आज्ञा पार पडतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकात सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके पडत. आज साध्या लॅपटॉपमध्येही, काही काळ का होईना, ४०० ते ५०० कोटी ठोके पडतात.

तथापि ठोके मोजले म्हणजे काम मोजले असे होत नाही. एका ठोक्यात किती काम उरकते, हेही पाहावे लागते. दोन शेतकरी भाताची लावणी करीत आहेत. एकाचा हात मिनिटाला साठ वेळा वाकतो आणि दुसऱ्याचा चाळीस वेळा. पण दुसरा प्रत्येक खेपेस दोन रोपे लावीत असेल, तर संध्याकाळी कोणाचे शेत अधिक लावून झालेले दिसेल, हे सांगावयास नको.

या नियमाचे एक ठळक उदाहरण संगणकाच्या इतिहासात नमूद आहे. २००४ सालापर्यंत इंटेल कंपनी मेजावरच्या संगणकासाठी ‘पेंटियम ४’ या प्रोसेसरचे ठोके वाढवीत नेत होती. तो ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. त्याला सुमारे ११५ वॉट वीज लागे आणि तेवढी सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होई. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर काढण्याचा जाहीर केलेला बेत कंपनीला त्याच वर्षी सोडून द्यावा लागला. याच सुमारास कंपनीच्या इस्राएलमधील हैफा येथील अभियंत्यांनी लॅपटॉपसाठी ‘पेंटियम एम’ हा वेगळ्या आखणीचा प्रोसेसर तयार केला होता. तो मार्च २००३ मध्ये बाजारात आला. बॅटरीवर चालावयाचे असल्याने त्याचे ठोके कमी ठेवलेले होते. पण प्रत्येक ठोक्यात तो अधिक काम करी. त्याची पुढे आलेली २ गिगाहर्ट्झची आवृत्ती पंचवीस वॉटच्या आत राहूनही अनेक कामांत सुमारे ३ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची बरोबरी करी. अखेर २००६ साली कंपनीने मेजावरच्या संगणकासाठीही त्याच परंपरेतून निघालेला ‘कोअर २’ हा प्रोसेसर स्वीकारला. मांडीवरच्या संगणकाने मेजावरच्या संगणकाला काटकसर शिकविली, असेच म्हणावयास हवे.

तिसरी बाब गाभ्यांची. पूर्वी एका प्रोसेसरमध्ये एकच आचारी असे. आता एकाच चकतीवर चार, आठ, सोळा असे स्वतंत्र गाभे असतात. इंग्रजीत त्यांना कोअर म्हणतात. पण गाभे दुप्पट झाले म्हणजे वेग दुप्पट झाला असे नाही. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच हे दाखवून दिले होते. समजा, एका कामाला एका गाभ्यावर दहा मिनिटे लागतात. त्यातील दोन मिनिटांचा भाग असा आहे की तो वाटून देता येत नाही. उरलेली आठ मिनिटे वाटता येतात. आठ गाभे लावले तर दोन अधिक एक, म्हणजे तीन मिनिटे लागतील. सोळा लावले तरी अडीच मिनिटे लागतीलच. गाभे कितीही वाढविले तरी दोन मिनिटांच्या खाली येणे नाही. पत्र टंकलिखित करणे, संकेतस्थळ उघडणे, हिशेबाचा तक्ता भरणे ही कामे मुख्यतः एक-दोन गाभ्यांवरच चालतात. चित्रफितीचे संपादन, मोठ्या माहितीचे पृथक्करण, त्रिमिती चित्रे काढणे ही कामे मात्र अनेक गाभ्यांना वाटून देता येतात.

शिवाय सर्व गाभे सारखे नसतात. वरील दोन प्रोसेसरांकडे पाहा. आय-५ १३४०० मध्ये ६ मोठे व ४ लहान गाभे आहेत. आय-७ १३५५-यू मध्ये मोठे गाभे केवळ २ असून उरलेले ८ लहान आहेत. मोठा गाभा वेगासाठी व लहान गाभा विजेच्या बचतीसाठी घडविलेला असतो. बेरीज दोन्हीकडे दहाच. पण एकीकडे सहा कसलेले आचारी आणि चार मदतनीस, तर दुसरीकडे दोन आचारी आणि आठ मदतनीस, एवढा हा फरक आहे. कॅशही पहिल्यात २० मेगाबाइट आणि दुसऱ्यात १२ मेगाबाइट आहे.

खरा प्रश्न उष्णतेचा

डेस्कटॉप व लॅपटॉप यांच्या तुलनेचे मर्म उष्णतेत आहे. प्रोसेसरला लागणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणात वाढते आणि विद्युत्-दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठोके वाढवावयाचे तर बहुधा दाबही वाढवावा लागतो. म्हणजे वेग थोडा वाढला तरी वीज फार वाढते. उलट दिशेने पाहिले तर हाच नियम उपकारक ठरतो. ठोके आणि दाब ही दोन्ही वीस टक्क्यांनी कमी केली, तर वीज ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ०.५१ पट लागते. वेग एकपंचमांशाने घटला, पण वीज निम्म्यावर आली. हे गणित आदर्श परिस्थितीचे आहे. तरी लॅपटॉप एवढ्या थोड्या विजेत एवढे काम कसे करतो, याचे उत्तर त्यात मिळते.

निर्माण झालेली उष्णता बाहेर काढावी लागते. तेराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांत आतील तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत चढले की प्रोसेसर आपण होऊन ठोके कमी करतो व स्वतःचे रक्षण करतो. डेस्कटॉपच्या पेटीत ऐसपैस जागा असते; धातूच्या जाड पात्यांचा उष्णताशोषक आणि मोठा पंखा तेथे बसविता येतो. लॅपटॉपची जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास. तेथे तांब्याच्या चपट्या नळ्या आणि बोटभर जाडीचे पंखे यांवर भागवावे लागते. तोच आचारी मोकळ्या अंगणातील चुलाणावर आणि धुराडे नसलेल्या कोंदट खोलीत सारखेच काम करील, अशी अपेक्षा धरता येणार नाही.

म्हणूनच निर्माते प्रत्येक प्रोसेसरसाठी दोन वीजमर्यादा जाहीर करतात. एक सातत्याच्या कामाची पायाभूत मर्यादा व दुसरी थोडा वेळ गाठावयाची कमाल मर्यादा. आय-५ १३४०० साठी या मर्यादा अनुक्रमे ६५ व १४८ वॉट आहेत. आय-७ १३५५-यू साठी त्या १५ व ५५ वॉट आहेत. लॅपटॉपचा ५ गिगाहर्ट्झ हा आकडा खोटा नाही; पण तो एखाद-दुसऱ्या गाभ्याने काही क्षण गाठलेला वेग आहे. सर्व गाभे दहा मिनिटे राबू लागले की पंधरा-वीस वॉटच्या मापात तो वेग टिकत नाही.

नाव एक असले तरी सामर्थ्य एक नसते, हे त्याच पिढीतील ‘आय-७’ या नावाखाली विकल्या गेलेल्या तीन प्रोसेसरांवरून स्पष्ट होईल. मेजावरच्या १३७०० मध्ये ८ मोठे व ८ लहान गाभे असून त्याच्या मर्यादा ६५ व २१९ वॉट आहेत. जाड लॅपटॉपसाठीच्या १३७००-एच मध्ये ६ मोठे व ८ लहान गाभे असून मर्यादा ४५ व ११५ वॉट आहेत. पातळ लॅपटॉपसाठीचा १३५५-यू वर वर्णिलेलाच आहे. तिन्ही जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. एकाच गाभ्याच्या छोट्या कामात त्यांच्यातील अंतर साधारणपणे दहा-पंधरा टक्क्यांचे असते. सर्व गाभ्यांच्या दीर्घ कामात मात्र पहिला व तिसरा यांच्यात दुपटी-तिपटीचा फरक पडतो.

एक बोलका दाखला

एकच प्रोसेसर वेगवेगळ्या शरीरांत बसविला तर काय होते, याचा दाखला नोव्हेंबर २०२० मध्ये आपोआप मिळाला. अ‍ॅपल कंपनीने आपला एम-१ हा प्रोसेसर एकाच वेळी तीन यंत्रांत आणला. ‘मॅकबुक एअर’ हा पंखा नसलेला पातळ लॅपटॉप, ‘मॅकबुक प्रो’ हा पंखा असलेला लॅपटॉप आणि ‘मॅक मिनी’ हा मेजावर ठेवावयाचा लहान संगणक. तिन्हींत ४ वेगवान व ४ काटकसरी असे आठच गाभे.

पहिल्या काही मिनिटांच्या कामात तिघेही जवळजवळ बरोबरीने चालत. काम दहा मिनिटांच्या पुढे लांबले की पंखा नसलेले यंत्र तापून मागे पडू लागे. पंखा असलेली दोन यंत्रे आपला वेग टिकवून धरीत. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. लॅपटॉपचा प्रोसेसर हा जात्याच दुबळा असतो ही समजूत खरी नाही. आणि उष्णता बाहेर टाकण्याची सोय किती आहे यावर दीर्घ कामाचा वेग ठरतो.

कसोट्यांचे गुण कसे वाचावेत

प्रोसेसरांची तुलना करण्यासाठी ठरावीक कामे नेमून देऊन लागणारा वेळ मोजण्याची प्रथा जुनी आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत तयार झालेली ‘व्हेटस्टोन’ ही १९७२ सालची कसोटी दशांश-अपूर्णांकांच्या आकडेमोडीवर भर देई. १९८४ साली आलेली ‘ड्रायस्टोन’ पूर्णांकांच्या कामावर भर देई. पुढे असे आढळून आले की, भाषांतरक आज्ञावल्या ड्रायस्टोनमधील निरुपयोगी भाग ओळखून तो गाळूनच टाकतात. गुण वाढत, पण खरे काम वाढत नसे. परीक्षेचे प्रश्न अगोदर ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यासारखाच हा प्रकार झाला. अशा अनुभवांतून १९८८ साली ‘स्पेक’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या २०१७ च्या कसोटीत हवामानाचे गणित, बुद्धिबळ, माहिती दाबून लहान करणे अशा खऱ्याखुऱ्या ४३ कामांचा समावेश आहे.

बाजारात ‘सिनेबेंच’ व ‘गीकबेंच’ ही नावे अधिक ऐकू येतात. सिनेबेंच त्रिमिती चित्र रंगविण्याचे जड काम देते. तिच्या २०२० सालच्या आवृत्तीत सर्व गाभ्यांची परीक्षा किमान दहा मिनिटे चालावी अशी योजना करण्यात आली, कारण अल्पकाळच्या परीक्षेत तापण्यापूर्वीच गुण मिळून जात. गीकबेंच निरनिराळी छोटी कामे थोड्या थोड्या विश्रांतीने देते. त्यामुळे पातळ लॅपटॉपला तेथे चांगले गुण पडतात. दोन्ही कसोट्या आपापल्या जागी खऱ्या आहेत. रोजचे कचेरीचे काम दुसरीसारखे असते, चित्रफीत तयार करण्याचे काम पहिलीसारखे असते.

अशा कसोटीचे गुण वाचताना चार प्रश्न विचारावेत. गुण एका गाभ्याचे की सर्व गाभ्यांचे? परीक्षा किती वेळ चालली? लॅपटॉप विजेच्या जोडणीवर होता की बॅटरीवर? पुष्कळ लॅपटॉप बॅटरीवर आपला वेग उतरवितात. आणि चौथा प्रश्न, परीक्षा नेमक्या याच यंत्रावर झाली की त्याच प्रोसेसरच्या दुसऱ्या यंत्रावर? लॅपटॉपचा निर्माता वीजमर्यादा आपल्या सोयीने ठरवू शकतो. त्यामुळे एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप वेगळे गुण मिळवितात. डेस्कटॉपमध्ये हा फरक सहसा कमी असतो.

नावांची चकवाचकवी

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी येणारे अक्षर दुर्लक्षिण्याजोगे नाही. इंटेलच्या नावात ‘यू’ असेल तर तो कमी विजेचा पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर. ‘एच’ व ‘एचएक्स’ हे जाड, सामर्थ्यवान लॅपटॉपचे. डेस्कटॉपमध्ये ‘टी’ म्हणजे कमी विजेचा, ‘के’ म्हणजे ठोके वाढविण्याची मुभा असलेला आणि ‘एफ’ म्हणजे पडद्यावर चित्र उमटविणारा भाग अंगचा नसलेला. ‘एफ’ घेतला तर ग्राफिक्स कार्ड निराळे घ्यावे लागते, अन्यथा पडदा कोराच राहील.

ए.एम.डी. कंपनीच्या नावांत आणखी एक मेख आहे. २०२३ सालासाठी आखलेल्या तिच्या लॅपटॉपच्या पद्धतीत चार अंकांपैकी तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. ‘रायझेन ५ ७५२०-यू’ यात तो २ आहे, म्हणजे रचना २०१९ साली प्रथम आलेली ‘झेन २’. ‘रायझेन ७ ७८४०-यू’ यात तो ४ आहे, म्हणजे २०२२ सालची ‘झेन ४’. पहिला अंक दोन्हीकडे ७ असल्याने दोन्ही एकाच वयाचे वाटतात. पाकिटावरचे साल नवे, आतले धान्य मागल्या हंगामाचे, असा हा प्रकार आहे. नावांच्या पद्धती वारंवार बदलतात. डिसेंबर २०२३ पासून इंटेलनेही ‘कोअर अल्ट्रा’ असे नवे नाव आणले. म्हणून नावावर विसंबून न राहता निर्मात्याने प्रसिद्ध केलेले तपशीलपत्रक पाहणे हाच खरा उपाय.

एक सावधगिरी डेस्कटॉप घेणाऱ्यांसाठीही आहे. पडद्यामागेच सर्व भाग बसविलेले ‘ऑल-इन-वन’ संगणक आणि तळहाताएवढ्या पेटीतील लहान संगणक मेजावर ठेवले जात असले, तरी त्यांतील अनेकांत लॅपटॉपचाच प्रोसेसर असतो.

आपल्या हवेतील विचार

कसोट्या बहुधा थंड केलेल्या खोलीत घेतल्या जातात. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. ग्वाल्हेर, इंदूर किंवा हैदराबाद येथे मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीतही तापमान ४० अंशांवर जाऊ शकते. उष्णता बाहेर जाण्याचा वेग आतील व बाहेरील तापमानांतील फरकावर अवलंबून असतो. आतील मर्यादा १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत फरक ७५ अंशांचा व ४० अंशांच्या खोलीत ६० अंशांचा. म्हणजे तोच पंखा एकपंचमांश उष्णता कमी बाहेर टाकील. वर दिलेल्या वीज व वेग यांच्या नियमाप्रमाणे वेगातील घट त्याहून पुष्कळ कमी असते. पण जो लॅपटॉप आधीच काठावर चालत आहे, त्याला हा फरक जाणवतो. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच वापरावे असे नमूद असते. लॅपटॉप गादीवर वा मऊ कापडावर ठेवू नये, हवेची भोके मोकळी ठेवावीत आणि वर्षातून एकदा पंख्यातील धूळ जाणत्याकडून काढून घ्यावी.

कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात प्रश्न निराळा असतो. वारा सुटला, झाड तारेवर पडले की वीज जाते. डेस्कटॉपवर यू.पी.एस. नसेल तर न साठविलेले काम त्याच क्षणी जाते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने काम चालू राहते. डेस्कटॉपची किंमत मोजताना यू.पी.एस.ची व काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या त्याच्या बॅटरीची किंमत मिळविणे न्याय्य होय.

विजेच्या खर्चाचा हिशेबही करून पाहावा. डेस्कटॉप व पडदा मिळून सरासरी १०० वॉट आणि लॅपटॉप २५ वॉट घेतो असे धरू. रोज आठ तास व वर्षाचे २५० दिवस, म्हणजे २,००० तास. डेस्कटॉपला २०० युनिट, लॅपटॉपला ५० युनिट. दहा यंत्रांमागे वर्षाला १,५०० युनिटांचा फरक पडतो.

याउलट दुरुस्तीच्या बाबतीत डेस्कटॉप उजवा ठरतो. कळफलक बिघडला तर तो बदलता येतो, पडदा फुटला तर दुसरा जोडता येतो, रॅम वाढविता येते. आजच्या जवळजवळ सर्व लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मुख्य पट्टीवर सोल्डर करून कायमचा जडविलेला असतो, काहींत रॅमसुद्धा. एक भाग गेला की खर्च मोठा येतो.

कोणी काय घ्यावे?

आता त्या विद्यालयाच्या दरपत्रकांकडे वळू. शाळेतील मुले टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, प्राथमिक आज्ञावली-लेखन व संकेतस्थळे पाहणे ही कामे करणार. या कामांना दरपत्रकातील दोन्ही प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक आहेत. चार मोठ्या गाभ्यांचा आय-३ १३१०० सारखा डेस्कटॉप प्रोसेसरही येथे पुरे पडतो. वाचलेला पैसा रॅमवर व घन-स्थिती डिस्कवर, म्हणजे एस.एस.डी.वर, खर्च केला तर मुलांना वेगाचा अनुभव अधिक येईल. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क असलेला आय-७ हा एस.एस.डी. असलेल्या आय-३ पेक्षा रोजच्या वापरात मंद वाटतो, हे वाचकांनी पक्के लक्षात ठेवावे. दूरची कोठी आणि जवळची कोठी यांतला हा फरक आहे.

कक्ष एकाच खोलीत कायम राहणार असेल, तर डेस्कटॉप आणि यू.पी.एस. ही जोडी योग्य होय. मुले हाताळणार, कळफलक झिजणार, भाग बदलावे लागणार. तेथे दुरुस्तीची सोय मोलाची. गावोगाव फिरणारे शिक्षक, तलाठी, पशुवैद्य, ग्रामसेवक यांस लॅपटॉपच हवा. त्यांच्या कामाला ‘यू’ वर्गाचा प्रोसेसर पुरतो व बॅटरी अधिक टिकते. शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत तयार करणे, नकाशे काढणे, छपाईची मोठी कामे करणे यांसाठी एकच यंत्र घ्यावयाचे असेल, तर त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक काम देईल. ते काम आणि प्रवास दोन्ही अटळ असतील, तर ‘एच’ वर्गाचा जाड लॅपटॉप घ्यावा आणि वजन, पंख्याचा आवाज व अल्प टिकणारी बॅटरी यांची तयारी ठेवावी.

मागणीपत्रात काय लिहावे?

‘कोअर आय-७ संगणक, नग १०’ एवढेच लिहिलेल्या मागणीपत्रावर विक्रेता कोणताही आय-७ देऊ शकतो आणि त्यात त्याचा नियमभंग होत नाही. खरेदी शासकीय ई-बाजारपेठेतून असो वा स्थानिक दरपत्रकांवर असो, पुढील बाबी स्पष्ट नमूद कराव्यात :

१. प्रोसेसरचे संपूर्ण नाव, अंक व शेवटचे अक्षर यांसह. अथवा त्याच्या बरोबरीचा कोणता चालेल याचा उल्लेख.
२. मोठे गाभे किती व लहान किती. केवळ बेरीज नको.
३. पायाभूत वीजमर्यादा किती वॉट.
४. रॅम किती गिगाबाइट, दोन पट्ट्यांत आहे काय आणि पुढे वाढविता येते काय.
५. डिस्क एस.एस.डी. आहे याची स्पष्ट नोंद व तिची क्षमता.
६. हमीची मुदत व दुरुस्तीची सेवा कोठे मिळेल.
७. डेस्कटॉप असल्यास यू.पी.एस.; लॅपटॉप असल्यास बॅटरी बदलून मिळण्याची सोय.

यंत्र आल्यावर प्रत्येक नगावरील प्रोसेसरचे नाव मागणीपत्राशी ताडून पाहावे. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘सिस्टम’ व त्याखालील ‘अबाउट’ या ठिकाणी ते अक्षरासह दिसते. दहा यंत्रे तपासावयास अर्धा तास पुरतो. शक्य असल्यास एक यंत्र दहा-पंधरा मिनिटे जड कामाला लावून ते तापल्यावर कसे चालते हेही पाहावे. हे काम शाळेतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतले, तर त्यांनाही त्यातून पुष्कळ शिकावयास मिळेल.

डेस्कटॉप श्रेष्ठ की लॅपटॉप, या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या नावात मिळत नाही. ते कामाच्या स्वरूपात, कामाच्या कालावधीत व काम करावयाच्या जागेत मिळते. खरेदीची बैठक भरण्यापूर्वी आपल्या संस्थेची रोजची कामे एका कागदावर लिहून काढावीत आणि त्यांपुढे ती किती वेळ चालतात व कोठे चालतात हे मांडावे. तो कागद हाती धरून दरपत्रके वाचली, तर पाच मोठे की सात मोठे, या वादात लोकांचा पैसा अडकणार नाही.